मे महिन्यात या

नमस्कार श्रोतेहो.

गोदाघाटाचा एक जुना कृष्णधवल फोटो तुमच्याही मोबाइलवर कधी ना कधी आला असेल. रुंद पात्र, मोकळ्या पायऱ्या, मागे देवळांची शिखरं. गाडी नाही, फलक नाही, प्लास्टिक नाही. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘काय नाशिक होतं ते!’ मीही तो जपून ठेवला आहे. त्यातली शांतता मला मनापासून हवीशी वाटते.

एकदा तो आजीला दाखवला. ती तेव्हा नव्वदीला टेकली होती. चष्मा पुसून तिनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “यात बायका कुठायत गं? धुणं कुठंय?” मग म्हणाली, “पहाटे पाय ठेवायला जागा मिळायची नाही तिथं. थंडीत धुणं आपटून आपटून बोटं बधिर व्हायची.”

आजीच्या घोट्याजवळ एक व्रण होता. तिचं माहेर सिन्नरकडचं, आणि गावाला दगडी पायऱ्यांची बारव. आज आपण अशा बारवा शोधत हिंडतो, त्यांचं दगडकाम पाहून हरखतो, आणि हरखावं अशाच त्या आहेत. पण पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय टाकता यायचा, म्हणूनच तिथून नारू पसरायचा. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की जखमेतून अळ्या पाण्यात जायच्या, बारीक पाणकिड्यांच्या पोटात वाढायच्या. ते पाणी कुणी न गाळता प्यायलं की वर्षभरानं त्याच्या पायाची कातडी फोडून हातभर, कधी त्याहूनही लांब जंत बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. आजीनं तो असाच काढला होता. आपल्या देशात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. म्हणजे हे काही फार जुनं नाही.

आजी त्या बारवेबद्दल बोलायची ते मात्र मायेनं. मैत्रिणी, ओव्या, पाणी भरतानाच्या गप्पा. आणि त्याच दमात नारू. तिच्या आठवणीत दोन्हींना जागा होती. आम्ही नातवंडं ओव्यांपर्यंत ऐकायचो आणि उठायचो.

नॉस्टॅल्जिया हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. तो १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या स्विस विद्यार्थ्यानं घडवला, तो एका आजाराचं नाव म्हणून. परमुलखात राहणारी माणसं गावाच्या आठवणीनं खंगायची, तो हा आजार. म्हणजे मुळात ती ओढ जागेची होती. तिच्यावर इलाजही होता, माणसाला घरी पाठवायचं. पुढे हाच शब्द काळाला चिकटला आणि इलाज हातचा गेला.

जागेची ओढ मला लहानपणापासून ठाऊक आहे. पंचवटीत आम्हा मुलांची पक्की समजूत होती, की सीतागुंफेतून एक भुयार निघतं ते थेट दिंडोरीकडच्या रामशेज किल्ल्याला जातं. मी आणि माझ्या धाकट्या भावानं सगळी तयारी ठरवली होती. दोरी, मेणबत्त्या, गूळ-शेंगदाणे. भुयार कुणीच पाहिलेलं नव्हतं, म्हणून तर ते एवढं लांब होतं. मोठी माणसंही हेच करतात. आफ्रिकेच्या नकाशावर १७९८ साली ‘काँग पर्वत’ नावाची एक लांबलचक रांग काढली गेली. तिथे कुणी नीट गेलेलं नव्हतं. पुढची नव्वद वर्षं नकाशाकार एकमेकांचं पाहून ती रांग काढत राहिले. अखेर बँजे नावाचा फ्रेंच अधिकारी तो मुलूख तुडवून १८८९ साली परतला आणि म्हणाला, तिथे पर्वत नाही.

भुयार नाही हे कळलं तेव्हा मी रडले होते. पण मग पांडवलेणी भेटली, आणि ती भुयारापेक्षा खोल निघाली. चोवीस लेण्यांचा हा समूह पांडवांचा नाही, बौद्ध भिक्षूंचा आहे. शिलालेखांत डोंगराचं नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी. खरे राहणारे विसरले गेले आणि रिकाम्या जागेत आपण पांडव नेऊन बसवले.

दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा नहपान या क्षत्रप राजाचा जावई. त्यानं ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवले. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरजवळचं. २००० दरमहा शेकडा एक व्याजानं, १००० शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी माणशी बारा कार्षापण मिळावेत म्हणून त्या २००० ची सोय. हिशेब करून पाहा, २००० वर वर्षाचं व्याज २४०, आणि विसाला बारानं गुणलं तरी २४०च. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा अंगावर काटा आला. दोन हजार वर्षांपूर्वी इथे कुणीतरी बसून हा हिशेब जुळवला होता. माग चालत होते, सूत तुटत होतं, कुणाला वेळेवर व्याज भरायची काळजी होती. ज्या अंधारात मी भुयार शोधत होते, तिथे विणकर बसले होते.

त्याच समूहातल्या तिसऱ्या लेण्यातला लेख एका आईचा आहे, गौतमी बलश्रीचा. आपल्या गेलेल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, तिनं भरभरून कौतुक केलं आहे. पराक्रमात तो राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्यासारखा! आपण ज्या काळाला सुवर्णयुग म्हणतो, त्या काळातली ही आईसुद्धा मागेच पाहत होती. आणि त्याच कौतुकात आणखी एक ओळ आहे, त्यानं चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला.

त्या ओळीपाशी मी दर वेळी थांबते. कारण त्याच डोंगरावरून गावात आलं की काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं मंदिरप्रवेशासाठी तिथे आली आणि दारं बंद झाली. दादासाहेब गायकवाडांनी पुढे काही वर्षं सत्याग्रह लढवत ठेवला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, हिंदू म्हणून जन्मलो, हिंदू म्हणून मरणार नाही. ‘काय नाशिक होतं ते’ असं मी आता सहज म्हणू शकत नाही. कुणासाठी होतं, हे विचारावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही काही मैत्रिणी त्र्यंबकच्या पलीकडे एका पाड्यावर गेलो होतो. एकीला कुठून तरी समजलं होतं, अगदी अनएक्सप्लोर्ड जागा आहे, गर्दीचा मागमूस नाही. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवरची रेटारेटी पाहिलेल्या आम्हाला तेवढंच पुरेसं होतं. पोचलो तर खरोखर स्वर्ग. धुकं, भाताची खाचरं, कड्यावरून कोसळणारं पाणी. “इथंच राहावंसं वाटतं,” असं मी भाताची आवणी करणाऱ्या एका मावशींना म्हटलं. त्या गुडघाभर चिखलात वाकल्या होत्या. सरळ झाल्या, हसल्या, म्हणाल्या, “मे महिन्यात या, ताई.”

यंदा मे महिन्यात मी गेले. कड्यावर नुसता काळा दगड होता, पाणी उतरायचं तिथे पांढरे ओघळ. विहिरीत टँकर रिता झाला होता आणि बायका काठावर वाकून पोहरे टाकत होत्या. गढूळ पाणी वर यायचं, फडक्यातून हंड्यात पडायचं. मावशींनी मला ओळखलं. उन्हात बोलत उभं राहायला त्यांना वेळ नव्हता, म्हणून मी एक हंडा उचलला आणि त्यांच्यामागे चालले. वाटेत तीनदा टेकवावा लागला. घरी पोचल्यावर त्यांनी आधी मला पाणी दिलं, पितळी पेल्यातून, काठोकाठ भरून. मी अर्धंच पुरे म्हणाले. त्या म्हणाल्या, “पी गं, तूच आणलंस.”

नमस्कार.