पीठ नको, भरडा हवा

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगेतून तीन ताटं निघालीत, ती मागेपर्यंत जाऊ द्या. तिन्हीत गाई-म्हशींच्या खुराकातला मकाच आहे, एकाच पोत्यातला. नुसतं बघू नका, चिमटीत धरून चोळा. पहिल्यात दाणे अख्खे, फार तर अर्धे फुटलेले. दुसऱ्यात लापशीच्या रव्यासारखी भरड. तिसऱ्यात पीठ, ज्याची भाकरी थापता येईल. ताटं फिरेपर्यंत मी बोलतो.

पत्रिकेवर ‘शंभर किलो खुराकाचं सूत्र’ असं छापलंय. ते सांगणारच आहे. पण सूत्र वहीत उतरवून नेलं, माल आणला, पैसे घातले आणि दूध काही वाढलं नाही, असे गोठे मी खूप बघितलेत. त्यांचा माल बरोबर असतो. चुकतं ते दळण्यात, आणि त्याहून जास्त कालवण्यात.

माझंच सांगतो. बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे दिवसाला अठरा लिटरची एक एचएफ, म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन जातीची, गाय होती. घरच्या भरड चक्कीची जाळी फाटली, म्हणून दोन पोती मका गावातल्या पिठाच्या गिरणीवर नेला. गिरणीवाल्यानं विचारलं, किती बारीक? मी म्हणालो, चांगला बारीक काढ, म्हणजे शेणात वाया जाणार नाही. मऊसूत पीठ आलं. गाय चाटूनपुसून खायची आणि मला समाधान वाटायचं. चौथ्या दिवशी पहाटे धारेला गेलो तर गाय बसलेली. रवंथ बंद. वैरणीला तोंड लावेना. शेण पातळ, राखाडी, वर बुडबुडे. त्या वेळी दूध निघालं सहा लिटर.

डॉक्टर आले, सोडा पाजला, सलाईन लावलं. आठवड्यानं गाय खाऊ लागली, मी सुटलो म्हटलं. दोन महिन्यांनी ती मागच्या पायानं लंगडू लागली. गोठ्यातला दगड लागला असेल, असं मी धरून चाललो. डॉक्टरांनी खूर हातात घेतलं आणि विचारलं, ‘ते पीठ किती दिवस घातलं होतं?’ पोटात झालेलं आम्ल खुरापर्यंत पोचतं, हे मला त्या दिवशी कळलं. ती गाय पुन्हा अठरावर आली नाही. तिची आठवण काढल्याशिवाय मला या विषयावर बोलता येत नाही.

असं का होतं? गाईच्या कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, कोट्यवधी जिवाणू असतात, तेच तिचं खाणं पचवतात. पीठ मिळालं की ते सगळं एकदम आंबवतात, आणि आम्ल साचतं. या आम्लावर गाईकडे उपाय आहे तिची लाळ. दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ ती गिळते, आणि त्या लाळेत निसर्गानंच सोडा घातलेला आहे. पण लाळ सुटते ती चघळताना, रवंथ करताना. पीठ चघळायचं कसं? म्हणून आधी वैरण, मग खुराक, आणि खुराकात भरडा. माझी आजी आंबोणासाठी, म्हणजे जनावराच्या भिजवलेल्या खाद्यासाठी, भरडताना जात्याचा वरचा दगड चिंधी घालून जरा उचलायची. पोटातलं आम्ल तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिची म्हस कधी फुगली नाही.

आता उलटी चूक, पहिल्या ताटातली. अख्ख्या दाण्यांतले बरेच तसेच शेणात पडतात. मूठभर शेण जुन्या चाळणीत घ्या, नळाखाली धुवा. चाळणीत पिवळे दाणे उरले तर तुमचे पैसे उकिरड्यावर चाललेत. ताई, तुम्ही मान हलवताय म्हणजे तुम्ही बघितलंय. शेण रोज बायकाच काढतात, खरी परीक्षा त्यांच्याच हातात असते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर सूत्र घ्या, भराभर सांगतो. मका भरडा 35 किलो, सरकी पेंड 20, शेंगदाणा पेंड 15, गव्हाचा भुसा, म्हणजे कोंडा, 20, तूर चुनी, म्हणजे डाळ करताना उरलेला चुरा, 7, खनिज मिश्रण 2, मीठ 1. प्रथिनं 18 टक्क्यांच्या आसपास बसतात. पेंड महागली तर सूत्र हलवा, पण एका दिवसात नको, आठ-दहा दिवसांत हळूहळू. घालायचं किती? शरीरासाठी रोज दीड-दोन किलो, वर गाईला दर लिटर दुधामागे 400 ग्रॅम, म्हशीला 500.

कालवणं मात्र नीट ऐका. खनिज मिश्रण आणि मीठ कधीही थेट ढिगावर टाकायचं नाही. दोन घमेली भुशात ते आधी हातानं चोळा, मग त्यात चार घमेली भरडा, मग बाकी सगळं. ताडपत्रीवर खोऱ्यानं तीनदा ढीग पालटा. नाहीतर एका गाईच्या पाटीत सगळं मीठ जातं आणि दुसरीला काहीच मिळत नाही. युरिया घरी मिसळू नका. नीट कालवला गेला नाही आणि एकाच जनावराच्या वाट्याला जास्त गेला, तर जनावर जातं.

दळण्याआधी मक्यातून लोहचुंबक फिरवा. तारेचा तुकडा जाळीपोटात, म्हणजे कोटीपोटाशेजारच्या लहान पोटात, अडकतो आणि तिथून काळजाकडे घुसतो. काळा पडलेला, कुबट वासाचा मका उकडूनसुद्धा घालू नका. बुरशीचं विष उकडून जात नाही, दुधात उतरतं, आणि ते दूध आपलीच पोरं पितात. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच दळा, पोती फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका.

ताटं मागे पोचली का? दुसरं ताट कुणाकडे आहे? त्यातला भरडा पुड्या बांधून न्या, आणि गिरणीवाल्याला शब्दांत काही सांगू नका. पुडी उघडून त्याच्या हातावर ठेवा, म्हणा, असा काढ.