अंगणातली कळलावी

श्रोतेहो, नमस्कार.

श्रावणात घाटातून जाताना एखाद्या जाळीवर ज्योती पेटल्यासारख्या दिसल्या, तर ती कळलावी. कुणी तिला खड्यानाग म्हणतं, कुणी अग्निशिखा. सहा नागमोडी पाकळ्या, सगळ्या उलट्या वर वळलेल्या. फूल उमलतं तेव्हा हिरवट, मग पिवळं होतं, शेंड्यांना लाली चढते आणि शेवटी सगळंच लालभडक. एकाच वेलीवर हे सारे रंग एकदम दिसतात. गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी टांगतात, तिच्यात ही फुलं बांधतात.

ही वेल अंगणात हवीशी वाटली, तर एक विनवणी करते. डोंगरातला कंद उपटून आणू नका. औषधासाठी तिला आधीच फार ओरबाडलंय. रोपवाटिकेतून कंद घ्या, नाहीतर बी पेरा. बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षं लागतात, पण पहिल्या फुलाचा आनंद काही औरच!

कंदाचा आकार नांगरासारखा, म्हणून संस्कृतात ती लांगली. त्याच्या टोकाला डोळा असतो, तो जपा. मोडला तर त्या बाजूनं कोंब येत नाही. मृगाच्या आधी कंद आडवा, चार बोटं खोल लावा. मातीत वाळू, बारीक खडी आणि पालापाचोळ्याचं खत हवं. डोंगरउतारावर पाणी थांबत नाही, तसंच इथंही थांबता कामा नये. शेजारी एखादी वाळकी फांदी रोवा. पानांची टोकंच तणाव्यासारखी वळतात आणि त्यांच्या आधारानं वेल वर चढते.

आता सर्वांत महत्त्वाचं. कळलावी विषारी आहे. तिच्या सगळ्या भागांत कोल्चिसीन नावाचं विष असतं, कंदात आणि बियांत जास्त. पूर्वी बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरत, त्यावरून हे नाव पडलं. आपण मात्र घरी कसलाही औषधी प्रयोग करू नये. हातमोजे घालूनच कंद हाताळा. रांगतं मूल किंवा गुरं-शेळ्या असतील, तर ती लावूच नका.

पहिल्या वर्षी पावसाळा संपल्यावर माझी वेल पिवळी पडली. तहानली असेल म्हणून मी रोज पाणी घालत राहिले. पुढच्या मृगाला उकरून पाहिलं, तर कंद कुजलेला. मला फार वाईट वाटलं. वेल मरत नव्हती, झोपत होती. आता ती वाळली की मी त्या जागी खुणेची काठी रोवते आणि पहिल्या वळवापर्यंत पाण्याचा थेंबही देत नाही.