कॅनॉटचा टाको आन सिल्लोडचा मका

नमस्कार मंडळी. आज खाण्यावर बोलायचंय.

संभाजीनगरात सिडकोतल्या कॅनॉटला संध्याकाळी गेलात की कपड्यांची दुकानं, मोबाईलवाले, चाटच्या गाड्या ह्या सगळ्या गर्दीत एक छोटं मेक्सिकन हॉटेल लागतं, पाच-सात टेबलं आन बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, बास एवढंच, पण शनिवार-रविवार तिथं नंबर लावून थांबावं लागतंय. क्लासवरून सुटलेली पोरं असतेत, लेकराबाळांसकट आलेली घरं असतेत, आन सुनेनं आग्रहानं आणलेली एखादी आजी पण असते, ती मेनूकार्ड उलटंपालटं करून म्हणते, बाई, इथं साधी खिचडी मिळंल का. आज मला त्या आजीशीच बोलायचंय.

आजी, हे जेवण शेतकऱ्याचं आहे. मका मूळचा मेक्सिकोचा, तिथल्या लोकांनी साधारण ९००० वर्षांपूर्वी एका रानगवतापासून निवडून निवडून तो घडवला. मिरची पण तिकडचीच, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडं आली, त्याच्या आधी आपल्याकडं तिखट म्हणजे मिरे आन पिंपळी. राजमा, पेरू, आन आपलं बीडचं सीताफळ, ज्याला २०१६ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचंही मूळ अमेरिका खंडातलंच. तिकडच्या बायका मका दगडी पाट्यावर वाटतेत, हातानं थापतेत, तव्यावर टाकतेत. ती टॉर्टिया, आन तिच्यात भाजी किंवा मटण घालून दुमडलं की टाको. जन्मभर ज्वारीची भाकरी थापलेल्या बाईला ह्यात नवं काय वाटणार?

पण एक गोष्ट त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळली होती आन ती मला लै मोठी वाटते. मका ते तसाच दळत नाहीत. पाण्यात चुना घालून, आपण पानाला लावतो तसा खायचा चुना, त्यात मका शिजवतेत, रात्रभर तसाच ठेवतेत, सकाळी चोळून धुतेत, सालं निघून जातेत आन मग वाटतेत. त्यानं पिठाला चिकटपणा येतो, टॉर्टिया चिरत नाही. आपली मक्याची भाकरी कडंनं फुटते ना, ते हे न केल्यामुळंच. आन दुसरं म्हणजे मक्यात नायासिन नावाचं जीवनसत्त्व असतं पण ते अडकून पडलेलं असतं, चुन्यानं ते मोकळं होतं, अंगाला लागतं. इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांनी मका घेतला पण ही रीत घेतली नाही, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात नुसत्या मक्यावर जगणाऱ्या हजारो लोकांना नायासिन न मिळाल्यानं पेलाग्रा नावाचा आजार झाला, कातडी सोलायची, जुलाब लागायचे, डोकं फिरायचं, माणसं मेली. चिमूटभर चुन्याचा फरक हो.

आता कॅनॉटला काय मागवायचं? पोरं आधी चीज नाचोज मागवतेत. मागवू द्या, तो पदार्थ खरंच मेक्सिकोतलाच आहे, १९४०च्या दशकात अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासियो आनाया ह्या माणसानं ऐनवेळी आलेल्या गिऱ्हाइकांसाठी टॉर्टियाचे तुकडे, चीज आन मिरची एवढ्यावर भागवलं होतं. पण माझं मत विचाराल तर चीज आन मेयोनीजच्या थराखाली सगळ्याची चव एकसारखी होते, आन कुडकुडीत टाको हा बराचसा अमेरिकेच्या बाजूचा प्रकार आहे. मऊ टाको घ्या, राजम्याचा. सोबत कच्चा साल्सा मागा, कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर आन वरून लिंबू, इथं तो ताजा कापून देतेत आन त्याच्यासाठी तरी तिथं जावं. आजीला तिखट सोसत नसंल तर मिरची कमी सांगायची, करून देतेत.

मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. टॉर्टिया पाकिटातली येते, बरेचदा मैद्याची. अन् इकडं आपल्याच सिल्लोड, कन्नडला मक्याची शेतंच्या शेतं आहेत, तो मका कोंबड्यांच्या खाद्याला जातो, स्टार्चला जातो, इथेनॉलला जातो, माणसाच्या ताटात फार थोडा येतो. सिल्लोडकडं मिरची पण आहे. एका हॉटेलनं महिन्याला दोन-चार पोती मका घेतला तर भाव वाढणार नाही हे मला कळतं, पण चुन्यात शिजवलेल्या आपल्या मक्याची गरम टॉर्टिया कॅनॉटला मिळाली ना, तर मी लांबून लांबून माणसं घेऊन येईन खायला.

आणखी एक, प्यायचं. मेक्सिकोत लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत लै चालतं, आंबटगोड, रंग एकदम लालभडक. आपण अंबाडीची भाजी भाकरीबरोबर खातो, बोंडांकडं फार कुणी बघत नाही. हिवाळ्यात खेड्यावरून बोंडं आणली, वाळवली, की वर्षभर सरबत होतं. मी मालकाला सांगितलंय, तुम्ही पण गेलात की मागा. ऐकणारा माणूस आहे, मागच्या उन्हाळ्यात लोकांनी म्हटलं म्हणून त्यानं चिंचेचं पाणी ठेवलं होतं, ते पण मेक्सिकोत पितेतच.