बसणाऱ्यांचा रकाना

नमस्कार मंडळी. माईक मागपर्यंत येतोय ना? हां, बरं. मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे या प्लीज, पहिल्या रांगेत चार-पाच खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि आज मला खुर्चीबद्दलच बोलायचंय तेव्हा कुणी उभं राहिलेलं बघवणार नाही मला.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'गल्लीत चेन कॉफी शॉप उघडतं तेव्हा'. आयोजकांना मी सांगितलंय की भाडं, करार, नियम यावर बोलेन, आणि ते बोलणारच आहे. पण त्याआधी एक अनुभव सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय मला भाड्याचं नीट समजावता येत नाही, दरवेळी प्रयत्न करते आणि दरवेळी तिथेच परत येते.

कॉलेज संपल्यावर माझी पहिली नोकरी एका कॉफी चेनमध्ये होती. काउंटरवर नाही, नवीन जागा शोधणाऱ्या टीममध्ये. चेनचं नाव घेत नाही, गरज पण नाही, कारण जागा हेरायची पद्धत सगळ्यांची थोड्याफार फरकाने सारखीच असते. काम काय, तर माणसं मोजायची. हातात ते छोटं धातूचं काउंटर असतं बघा, अंगठ्याने दाबलं की टक् आणि आकडा पुढे. उजव्या हातातलं उजवीकडे जाणाऱ्यांसाठी, डाव्या हातातलं डावीकडे जाणाऱ्यांसाठी. आणि एक फॉर्म, पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन, प्रत्येक चौकोनात दोन बाण, दोन आकडे. सकाळी सातला उभं राहायचं ते रात्री नऊपर्यंत, मधे जेवायला दुसरा मुलगा येऊन उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी अंगठ्याच्या मुळाशी असं दुखायला लागतं की रात्री पाण्याची बाटली उघडत नाही.

यात शिकण्यासारखं खूप होतं, हे प्रामाणिकपणे सांगते. उदाहरणार्थ रस्त्याची 'सकाळची बाजू'. लोक कामाला जाताना ज्या फुटपाथवरून जातात ती बाजू. कॉफी तिथे खपते, समोरच्या बाजूला, म्हणजे घरी परतायच्या बाजूला, तेच दुकान तितकं चालत नाही, कारण सकाळी घाईत असलेला माणूस रस्ता ओलांडत नाही. मग बस स्टॉप कुठेय, सावली कुठल्या बाजूला पडते, सिग्नल किती वेळ थांबवतो, दार ढकलायला एका हातात बॅग असताना जमेल का, एवढं सगळं बघतात. तुम्हाला वाटतं कोपरा दिसला आणि दुकान टाकलं, तसं नसतं हो ते. आणि एका कॉफी शॉपच्या बरोब्बर समोर दुसरं का उघडतं, याचं उत्तर तर हॅरॉल्ड हॉटेलिंग नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९२९ मध्येच देऊन ठेवलंय. एका सरळ रस्त्यावर दोन विक्रेते असतील तर दोघंही समोरच्याचं गिऱ्हाईक ओढायला हळूहळू मधे सरकतात आणि शेवटी एकमेकांना चिकटून उभे राहतात. गिऱ्हाईकाच्या सोयीचं म्हणाल तर एकाने एका टोकापासून पाव अंतरावर आणि दुसऱ्याने दुसऱ्या टोकापासून पाव अंतरावर असायला हवं, पण ते तसं होत नाही.

असो. तर मला मोजायला दिलेला एक कोपरा. दुकान बंद होतं, शटर खाली, भाड्याने देणे आहे असा बोर्ड. दुकानाला एक पायरी होती आणि शेजारी भिंतीलगत गुडघ्याएवढा कट्टा. मी समोरून मोजत होते. पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास गर्दी ओसरली, टकटक थांबली, आणि माझ्या लक्षात आलं की या पायरीवर कुणीतरी सतत आहे. सकाळी एक आजोबा आले, पेपरची घडी केली, ती पायरीवर ठेवली आणि तिच्यावर बसले, म्हणजे पेपर वाचायचा नव्हता, बसायचा होता. वीसेक मिनिटांनी उठले, पेपर परत काखेत. मग एक बाई आल्या, दोन्ही हातात जड पिशव्या, त्यांनी पिशव्या कट्ट्यावर टेकवल्या, बोटांवर लाल वळ उठले होते ते चोळले, पिशव्यांचे हात बदलले आणि निघाल्या. एक पार्सल पोचवणारा मुलगा, मोबाईलमध्ये पत्ता बघत. एक आई, मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती आणि तेवढ्यात दुसरी एक बाई थांबली, दोघी बोलायला लागल्या आणि नाडी बांधून झाल्यावरही बराच वेळ बोलतच होत्या.

मी फॉर्म बघितला. उजवा बाण, डावा बाण. बसलेल्या माणसासाठी रकानाच नव्हता.

म्हणून मी काय केलं, फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने रेघा मारायला सुरुवात केली. जो थांबेल, टेकेल, बसेल त्याची एक रेघ, चार उभ्या आणि पाचवी आडवी. तीन दिवस. आणि आजोबा तीनही दिवस आले, जवळपास त्याच वेळेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, काय मोजतेस ग बाळा? मी म्हटलं माणसं. ते म्हणाले, मला धरलंस का? आता काय सांगायचं, खरं सांगायचं तर मागच्या बाजूला धरलं होतं.

रिपोर्ट दिला तेव्हा मागची बाजूपण दाखवली. आमचे साहेब वाईट नव्हते, समजूतदार होते, त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, ही माणसं काही घेत नाहीत, यांचं काय करायचं आपण? आणि त्यांच्या जागेवरून ते बरोबरच होतं. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. ते मला फार लागलं, अजून लागतं. आज तुमच्यासमोर जे बोलतेय ते एका अर्थाने त्यांना न दिलेलं उत्तरच आहे.

दुकान उघडलं, छान उघडलं. पायरी काढून उतार केला, व्हीलचेअर जाईल असा, ते फार चांगलं केलं. कट्ट्यावर मात्र ओळीने कुंड्या ठेवल्या. मी नंतर एकदा मुद्दाम गेले होते सकाळी, तर आजोबा आत होते, कोपऱ्यातल्या खुर्चीवर, समोर पाण्याचा ग्लास. काउंटरवरच्या मुलीने दिला होता, ती त्यांना नावाने हाक मारत होती. पुढच्या खेपेला टेबलांवर पाटी होती की एका ऑर्डरमागे अर्धा तास बसता येईल, आणि आजोबा नव्हते. काउंटरवर मुलगी तीच होती, मला वाटतं पाटीचं तिलाही वाईट वाटलं असणार, कारण मी विचारल्यावर ती एकदम मशीनकडे वळली आणि वाफेची नळी पुसायला लागली, जी स्वच्छच होती. चेनच्या दुकानात काम करणाऱ्या पोरांवर कुणी चिडत जाऊ नका, एवढी एक विनंती करते. पाटी ते लिहीत नाहीत.

ही खुर्चीची भांडणं नवीन नाहीत मंडळी. १६७५ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने फर्मान काढलं की सगळी कॉफी हाऊसेस बंद करा, कारण लोक तिथे बसून राज्यकारभाराबद्दल बोलतात. इतका आरडाओरडा झाला की दोन आठवड्यांच्या आत ते मागे घ्यावं लागलं. त्याच इंग्लंडमध्ये, लंडनला एडवर्ड लॉईडचं कॉफी हाऊस होतं, तिथे जहाजवाले आणि व्यापारी बसायचे, जहाजांच्या बातम्या यायच्या, आणि त्या बसण्यातून लॉईड्सचा विमा बाजार उभा राहिला. बसणारी माणसं काही घेत नाहीत म्हणे!

आणि गंमत बघा, स्टारबक्स १९७१ मध्ये सिएटलला सुरू झालं तेव्हा ते कॉफीच्या बिया विकायचं दुकान होतं, तयार कॉफीचा धंदा हा त्यांचा नव्हताच. हॉवर्ड शुल्ट्झ तिथे नोकरीला लागले, १९८३ मध्ये इटलीतल्या मिलानला गेले, तिथले एस्प्रेसो बार बघितले आणि भारावून आले, आणि पुढे १९८७ मध्ये त्यांनी ती कंपनीच विकत घेतली. आता मिलानच्या त्या बारमध्ये बहुतेक लोक काउंटरला उभ्या उभ्या कॉफी पिऊन निघतात, सोफे अमेरिकेत आल्यावर लागले. नंतर १९८९ मध्ये रे ओल्डेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने 'तिसरी जागा' ही कल्पना मांडली, म्हणजे घर पहिली, काम दुसरी, आणि जिथे कुणीही येऊन टेकावं, ओळखीपाळखीचं भेटावं, ती तिसरी. कॉफी कंपन्यांनी तो शब्द उचलला आणि स्वतःला तिसरी जागा म्हणवून घ्यायला लागल्या.

मग २०१८ चा एप्रिल. फिलाडेल्फियात स्टारबक्समध्ये दोन कृष्णवर्णीय तरुण कुणाची तरी वाट बघत बसले होते, काही मागवलं नव्हतं. पोलिसांना फोन गेला, दोघांना बेड्या घालून नेलं. जगभर बोंब झाली. २९ मेला कंपनीने अमेरिकेतली सुमारे आठ हजार दुकानं दुपारभर बंद ठेवून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं आणि जाहीर केलं की काही न घेताही कुणीही बसू शकतं. आणि जानेवारी २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेत ते धोरण मागे घेतलं, बसायचं तर विकत घ्या. जी जागा एका परिपत्रकाने सगळ्यांची होते आणि दुसऱ्या परिपत्रकाने राहत नाही, तिला तिसरी जागा म्हणायला माझा विरोध आहे, आणि हे मी रागाने म्हणत नाही, ती तुमची जागा आहे तुम्ही ठरवा, पण मग शब्द परत द्या...

काय? किती? दहा मिनिटं? बापरे. प्रश्नोत्तरं धरून? बरं बरं.

आता भाडं. पटापट सांगते.

लोकांना भीती असते की चेन आली की जुनं कॉफीचं दुकान मरणार. ते होतं कधीकधी, पण कॉफीच्या जोरावर जुनं दुकान टिकू शकतं. ऑस्ट्रेलियाचं बघा, तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या इटालियन लोकांनी गल्लोगल्ली एस्प्रेसो रुजवलेला होता, स्टारबक्स २००० मध्ये तिथे गेलं आणि २००८ मध्ये ८४ पैकी ६१ दुकानं बंद करावी लागली. खरा फटका भाड्यातून बसतो आणि तो उशिरा बसतो. चेन लांब मुदतीचा करार करते, मागे मोठ्या कंपनीची हमी असते, म्हणून मालक खूश आणि मालकाला कर्ज देणारी बँकही खूश. ते भाडं मग त्या रस्त्याचा 'रेट' होऊन बसतं. दोन-तीन वर्षांनी शेजारच्यांचे करार नव्याने करायची वेळ आली की मालक त्या आकड्याकडे बोट दाखवतो. आणि तेव्हा जातो कोण, तर चपला शिवणारा, किल्ल्या बनवणारा, झेरॉक्सवाला, ज्यांचा कॉफीशी काही संबंधच नव्हता. तोपर्यंत चेन उघडल्याला इतके दिवस झालेले असतात की कुणी दोन गोष्टी जोडतच नाही.

शिवाय करारात कधीकधी एक्सक्लुझिव्हिटीचं कलम असतं, म्हणजे त्याच इमारतीत मालकाने दुसऱ्या कॉफीवाल्याला जागा द्यायची नाही. ते कलम तुम्हाला रस्त्यावरून दिसत नाही, फक्त गाळा रिकामा दिसतो.

उपाय आहेत. सॅन फ्रान्सिस्कोने २००४ पासून 'फॉर्म्युला रिटेल'चे नियम केलेत, एकसारखी पाटी, एकसारखी सजावट, गणवेश अशी अकरा किंवा जास्त दुकानं असलेल्या चेनला त्यात धरतात, आणि २००६ च्या मतदानानंतर वस्तीतल्या बाजाररस्त्यांवर अशा दुकानाला जाहीर सुनावणी होऊन खास परवानगी लागते. बंदी नाही हां, सुनावणी. शेजाऱ्यांना बोलायची संधी. दुसरं, इंग्लंडमध्ये टॉटनेस म्हणून छोटं गाव आहे, कॉस्टा या ब्रिटिश कॉफी चेनला तिथे परवानगी मिळालेली होती, गावकऱ्यांनी मोहीम चालवली आणि २०१२ मध्ये कंपनीने स्वतःहून माघार घेतली. म्हणजे कागद हातात आल्यावरही बोलता येतं.

पण सुनावणीला गेलात तर आम्हाला चेन आवडत नाही एवढंच सांगू नका, ते कुणी ऐकत नाही. दोन गोष्टी मागा. एक, दुकानाबाहेरचा कट्टा, पायरी, बाक, जे आहे ते बसण्याजोगं राहील हे परवानगीच्या अटीतच लिहून घ्या. दुसरी, त्या रस्त्यावरच्या छोट्या गाळ्यांच्या कराराच्या तारखा मालकांकडून आधी विचारून घ्या, कुणाचा कधी संपतोय, कारण मदत त्या तारखेच्या आधी लागते, नंतर फक्त निरोप समारंभ होतो. आणि सुनावणीला कंपनी फूटफॉलचे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचे, आकडे घेऊन येणार, सुंदर तक्ते असतात, मी बनवलेत म्हणून सांगते. त्यासमोर ठेवायला तुमच्याकडे तुमचे आकडे हवेत.

हो, संपवते, एकच मिनिट. दाराशेजारच्या टेबलावर मी फॉर्मचा गठ्ठा ठेवलाय. तेच चौकोन, पंधरा-पंधरा मिनिटांचे, फक्त दोन बाणांच्या शेजारी तिसरा रकाना आहे, थांबले, टेकले, बसले. जाताना एक एक घ्या, पेन्सिलीपण आहेत. येत्या रविवारी सकाळी सातपासून दोन दोन तास जमेल त्यांनी आपापल्या कोपऱ्यावर मोजायचं, नंतर आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी परत, कारण रविवारची माणसं वेगळी असतात. मोजताना कुणी विचारलं की मला धरलंत का, तर फॉर्म उलटा न करता दाखवता येईल त्यांना. बोला, कुणाचा प्रश्न आहे? मागच्या ताई, तुम्ही मघापासून हात वर करून बसलाय.