फ्रँक ऑस्टेनच्या कपाटातील कागद

नमस्कार. १० ऑगस्ट १८६५ रोजी, इंग्लंडमधील पोर्ट्समथजवळच्या पोर्ट्सडाउन लॉज या घरी, सर फ्रान्सिस ऑस्टेन वयाच्या ९१ व्या वर्षी वारले. ॲडमिरल ऑफ द फ्लीट हा ब्रिटिश नौदलातील सर्वोच्च हुद्दा त्यांना दोन वर्षांपूर्वीच मिळाला होता. मात्र त्यांच्या कागदपत्रांविषयी आज जे कुतूहल आहे ते या हुद्द्यामुळे नव्हे, तर ते कादंबरीकार जेन ऑस्टेनचे थोरले भाऊ होते म्हणून. घरात त्यांना फ्रँक म्हणत. आपणही तेच नाव घेऊ.

जेन १८१७ मध्ये वारली. तिने पाठवलेली पत्रे फ्रँकने पुढे ४८ वर्षे सांभाळली, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या धाकट्या मुलीने, फॅनीने, ती कुणालाही न विचारता नष्ट केली. तिने असे का केले असावे याविषयी तर्क पुष्कळ आहेत. मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही. उरले काय, ते पाहणे अधिक फलदायी आहे.

सर्वांत जुना कागद डिसेंबर १७८८ चा. चौदा वर्षांचा फ्रँक ‘पर्सिव्हरन्स’ या जहाजावरून पूर्वेकडील समुद्रांत निघाला, तेव्हा पाद्री असलेल्या वडिलांनी त्याला धर्माचरण, वरिष्ठांशी वागणूक आणि पैशांचा हिशेब यांविषयी सविस्तर उपदेश लिहून दिला. तो कागद ॲडमिरलच्या निधनानंतर त्याच्या खासगी कागदांत सापडला, म्हणजे त्याने तो ७६ वर्षांहून अधिक काळ जवळ बाळगला होता.

दुसरे पत्र वाग्दत्त वधू मेरी गिब्सन हिला लिहिलेले आहे, आणि ते एका बैठकीत लिहिलेले नाही. ऑक्टोबर १८०५ च्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, रोजनिशीसारखे, थोडे थोडे करून ते वाढत गेले. फ्रँकचे ‘कॅनोपस’ जहाज ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनच्या ताफ्यात होते. परंतु पाणी आणि रसद भरून घेण्यासाठी त्याला जिब्राल्टरकडे धाडण्यात आले, आणि २१ ऑक्टोबरला फ्रेंच-स्पॅनिश आरमाराविरुद्धची ट्रफाल्गरची लढाई त्याच्याविना झाली. विजयाचा आनंद आणि त्यात आपला वाटा नसल्याची चुटपुट त्याने मेरीजवळ एकाच दमात व्यक्त केली आहे. सरकारी अहवालात ही चुटपुट कुठून यायची? ती घरच्याच पत्रात सापडते.

फ्रँकला आलेली जेनची जी मोजकी पत्रे नाशातून बचावली, त्यांतली दोन जानेवारी १८०५ ची आहेत. २१ तारखेला वडील बाथ येथे वारले, त्याच दिवशी तिने डंजनेस येथे असलेल्या ‘लेपर्ड’ जहाजाच्या पत्त्यावर फ्रँकला कळवले. नंतर जहाज पोर्ट्समथला असल्याचे समजले, तेव्हा दुसऱ्या दिवशी तीच दुःखद वार्ता तिला नव्याने लिहावी लागली. भाऊ नौदलात असला की पत्ता सतत बदलता, हे त्या घराने गृहीतच धरलेले दिसते.

त्याहून मोलाचे पत्र ३ जुलै १८१३ चे. फ्रँक तेव्हा बाल्टिक समुद्रात ‘एलिफंट’ या जहाजाचा कप्तान होता. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’च्या साऱ्या प्रती खपल्या, १४० पौंड मिळाले, आणि लेखणीवरची एकूण कमाई २५० पौंडांवर गेली, हे जेन त्याला अभिमानाने सांगते. लगेच विचारते, नव्या कादंबरीत तुझ्या ‘एलिफंट’चा आणि तुझ्या आणखी दोन-तीन जुन्या जहाजांचा उल्लेख केला तर चालेल ना? केला आहे, पण तुला राग येणार असेल तर काढून टाकीन. लेखिकेने आधी लिहून मग परवानगी मागितली, ही गंमत मला फार आवडते. फ्रँकने होकार दिला, आणि १८१४ च्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये ‘एलिफंट’ आणि ‘कॅनोपस’ ही नावे तशीच छापली गेली.

एक कागद मात्र फ्रँकने स्वतःच घराबाहेर पाठवला. १८५२ मध्ये अमेरिकेतील बॉस्टनच्या एका वाचक महिलेने जेनचे हस्ताक्षर मागितले, तेव्हा ७७ वर्षांच्या ॲडमिरलने सहीचा तुकडा कापून न देता बहिणीचे संपूर्ण पत्रच तिला दिले. जेनच्या ‘पर्स्वेजन’ कादंबरीतील कॅप्टन हार्व्हिल मुलांसाठी खेळणी करतो, जाळी विणण्याच्या सुया घडवतो, त्याच्या या घरगुती आवडीनिवडी आपल्यावरूनच घेतल्या असाव्यात, असेही त्याने लिहून ठेवले आहे. फॅनीने १८६५ नंतर कपाट रिकामे केले, तेव्हा बॉस्टनला दिलेले जेनचे ते पत्र अटलांटिकपलीकडे होते.