आहेराची वही

सर्वांना सलाम. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातल्या व्याख्यानासाठी आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी विषय दिला, ‘रोजच्या जगण्यातली प्रीती’. मी काही धर्मशास्त्री नाही. चौतीस वर्षं बँकेत जमाखर्च जुळवला. त्यामुळे बोलणार तेही हिशेबाच्याच अंगानं.

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, प्रीतीवरचा, आपल्याला तोंडपाठ आहे. लग्नात वाचतात, पत्रिकेवर छापतात; तो नवरा-नवरीसाठीच लिहिलाय असं वाटायला लागतं. खरं तर प्रेषित पौलानं तो लिहिला एका भांडकुदळ मंडळीला, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती समुदायाला. करिंथ दोन बंदरांचं शहर, हातात पैसा खेळता. पौल तिथं दीड वर्ष राहिला. तो गेल्यावर मंडळीत तट पडले. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या जेवणाला, जमले की एक जण उपाशी राही आणि दुसरा पिऊन तर्र होई, असं त्यानंच अकराव्या अध्यायात लिहिलंय. अभ्यासकांचा अंदाज असा, की सवड असलेले सुखवस्तू लोक आधी येऊन जेवून घेत. गुलाम आणि मजूर काम आटपून पोचत तोवर भांडी रिकामी. आणि पौल उपाय काय सांगतो? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. एवढंच.

आता आपलं सुगीच्या सणाचं प्रीतीभोजन आठवा. पहिल्या पंगतीला पाहुणे आणि कमिटी. (मीही कमिटीत होतो, हसू नका.) सकाळपासून चुलीशी बसलेल्या बायका शेवटच्या पंगतीला, तेव्हा रश्शात नुसतं पाणी आणि पातेल्याच्या बुडाला दोन बटाटे. नाव मात्र प्रीतीभोजन!

तेराव्या अध्यायात एक गंमत आहे. आपण वाचतो, ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’. ही विशेषणं झाली. मूळ ग्रीकमध्ये चौथ्या ते सातव्या ओवीत प्रीतीला विशेषण एकही नाही, आहेत ती पंधरा क्रियापदं. प्रीती धीर धरते, भलेपणानं वागते, फुगत नाही, चिडत नाही. प्रीती कशी असते हे पौल सांगतच नाही, ती काय करते आणि काय करत नाही तेवढं सांगतो. ‘माझ्या मनात सगळ्यांबद्दल प्रेम आहे’ म्हणणाऱ्याला इथं पळवाट नाही.

त्यातलं एक क्रियापद माझ्या धंद्यातलं निघालं. आपल्याकडे ते ‘अपकार स्मरत नाही’ असं येतं. ग्रीक शब्द हिशेबातला आहे, खात्याला मांडणं. म्हणजे, प्रीती वाईटाची नोंद करत नाही.

आमच्या घरी आहेराची वही आहे. तुमच्याकडेही असेल. कोणी एकावन्न दिले, कोणी स्टीलचा डबा, कोणाचं ब्लाउजपीस. परतफेड करताना ती उघडायची. तशी दुसरी एक वही मी डोक्यात ठेवली होती. तिच्यातली एक नोंद माझ्या चुलतभावाची: वडिलांच्या मातीला आला नाही. अकरा वर्षं ती तशीच. मग तो आजारी पडला, दवाखान्यातून घरी आला, आणि मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. एका संध्याकाळी बायकोनं डबा भरून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, “तो का आला नाही ते कधी विचारलंत का?” नव्हतं विचारलं. गेलो. त्यानं मऊ भात खाल्ला, मी शेजारी बसून पंखा कुरकुरतोय तो ऐकत राहिलो. त्या दिवशीही विचारलं नाही. आता विचारायचं कारण उरलेलं नाही.

पण इथं एक बजावतो. नवरा मारतो म्हणून पाळकांकडे गेलेल्या बाईला हाच अध्याय ऐकवल्याचं मी पाहिलंय: ‘प्रीती सर्व सोसते.’ हा शास्त्राचा गैरवापर आहे. त्या ‘सोसते’चं ग्रीकमधलं नातं छपराशी आहे. छप्पर वरचा पाऊस अंगावर घेतं, खालच्या माणसाला कोरडं ठेवतं. मग त्या बाईच्या डोक्यावर छप्पर कोणी व्हायचं होतं? आणि त्याच यादीत, एक ओळ आधी, प्रीती अनीतीत आनंद मानत नाही असंही आहे. ते कोणी तिला वाचून दाखवलं नाही.

पंडिता रमाबाईंचं १८९७ साल बघा. पुण्यात प्लेग, सरकारी बंदोबस्तात बायकांची जी आबाळ झाली तिच्यावर त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे म्हणून गप्प बसल्या नाहीत. त्याच सुमाराला मध्य प्रांतातल्या दुष्काळातून त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या माळावर त्यांची सोय लावली. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण आधीच्या दुष्काळात गेले होते. भूक त्यांना ऐकून माहीत नव्हती. केडगावात विहिरी खणल्या, शेती झाली, पुढे छापखाना आला, आणि छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला त्याच मुली बसल्या. एवढ्या तोंडांना दोन वेळा जेवू घालायचं म्हणजे पैशाचा हिशेब काटेकोरच ठेवावा लागतो, हे मी बँकेतला माणूस म्हणून सांगतो. ती वही वेगळी.

आमची आहेराची वही अजून कपाटात आहे. मागची पानं कोरी होती, त्यांवर हल्ली बायको दुधाचे लिटर मांडते. परवा दूधवाल्याशी अर्ध्या लिटरवरून वाद झाला तेव्हा वही काढली, तर चूक आमचीच निघाली.