गप बे काका, माझी लाईन हाय

नमस्कार मंडळी. भाकरी थापत ऐकत असाल तर तसंच ऐका, मागाच्या खडखडाटात ऐकत असाल तर जरा आवाज वाढवा. आज बोलायचंय नाटकावर. आपल्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात तिकीट काढून बघतो त्या नाटकावर नाही, तर दिव्यांग पोरं आणि बाकीची पोरं एकत्र येऊन बसवतात त्या नाटकावर. एकत्र. हा शब्द मी परत परत म्हणणार आहे, कंटाळू नका.

कारण आपल्याकडं गॅदरिंगला काय होतं माहितीये ना? व्हीलचेअरवरच्या पोराला झाड करतात. हिरवा कागद गुंडाळला, हातात फांदी दिली, झालं काम. मग पाहुणे माईक घेऊन म्हणतात, किती प्रेरणादायी! मला तर या शब्दाचा वैतागच आलाय. अहो पोरगं चुकलं तर चुकलास म्हणा, भारी केलं तर भारी म्हणा, बाकीच्या पोरांना म्हणता तसंच.

आमचा एक छोटा ग्रुप आहे, पूर्व भागात, दर रविवारी सकाळी जमतो. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी दखनी, आणि दोन पोरी ऐकू न येणाऱ्या, त्यामुळं आता खाणाखुणांची भाषा सगळ्यांनाच येते, इतकी की तालमीत गप्प बसा म्हणलं तर पोरं हातांनी गप्पा मारतात. आता काय करायचं सांगा.

तर त्यातल्या एका पोराची गोष्ट. ही सांगायलाच आलोय खरं तर. पोरगा सतरा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा निरोप स्नायूंना नीट पोचत नाही. याच्या डोक्यात सगळं लख्ख, पण बोलायला वेळ लागतो. वेळ लागतो म्हणजे येत नाही असं नाही, हे पण लक्षात ठेवा. पण वेळ द्यायचा कुणी? डॉक्टर आईला विचारणार, याला काय होतंय. न्हावी आईला विचारणार, बारीक करू का. आणि आई सांगणार. सतरा वर्षं तीच सांगत आलेली, बिचारीचा काही दोष नाही, लोकच थांबत नाहीत तर ती काय करणार.

नाटक होतं किराणा दुकानाचं. हा दुकानदार. गिऱ्हाईक येतं, शेंगाची चटणी मागतं (चटणीवरून आठवलं, मिक्सरमधनं काढलेली असते तिला मी चटणी म्हणत नाही, उखळात कुटून तेल सुटलं पाहिजे, असो) आणि पैसे नंतर देतो म्हणतं. मग याची लाईन, "उधारी बंद हाय, आधी मागचं द्या." एवढीच. तालमीला आई कोपऱ्यात बसून पुटपुटायची, त्याच्या आधी तिचीच लाईन व्हायची. मग नाटक बसवणाऱ्या ताईंनी नियम केला, कुणाचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही, कितीही वेळ लागू दे, थांबायचं.

प्रयोगाच्या दिवशी हॉलला पोचलो तर स्टेजला चार पायऱ्या आणि रॅम्पच नाही. ग्रॅनाईट आहे, एसी आहे, दारात कारंजं आहे, रॅम्प तेवढा नाही! 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, जुन्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते ते आता 21 झाले, सार्वजनिक जागी सगळ्यांना जाता आलं पाहिजे असं त्यात लिहिलंय, पण पायऱ्या काही कायदा वाचत नाहीत. चौघांनी मिळून त्याची व्हीलचेअर उचलली, आणि वर पोचल्यावर हा म्हणतो कसा, "नंदीध्वज... निघाला." सिद्धेश्वराच्या यात्रेत उचलून मिरवतात तो उंच ध्वज! म्हणजे बघा पोरगं कसलं आहे ते.

प्रॉम्प्टर मी. विंगेत वही घेऊन उभा. गिऱ्हाईक आलं, चटणी झाली, पैसे नंतर झालं. आता याची लाईन. शांतता. तोंड उघडलं, मान वळली, "उ..." वर अडकला. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. पहिल्या रांगेत आईचे ओठ हलायला लागले. मला वाटलं गेलं नाटक, आणि मंडळी, नियम मला पाठ असून, घामाघूम होऊन मी चांगल्या खणखणीत आवाजात म्हणलो, उधारी बंद हाय!

त्यानं मान माझ्याकडं वळवली. आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "गप... बे... काका. माझी... लाईन हाय."

रेडिओवर बे म्हणलं म्हणून माफ करा. पुण्याच्या पाहुण्यांना ती शिवी वाटते, आपल्याकडं तो जीव आहे. हॉल असा फुटला हसून, शिट्ट्या, टाळ्या. आणि खरी गंमत पुढं आहे. तो थांबला. हशा खाली बसेपर्यंत थांबला, आणि मग सावकाश, "उधारी... बंद हाय. आधी... मागचं द्या." मुरलेल्या नटाला जमत नाही असलं टायमिंग. नंतर मोबाईलवरचं शूटिंग बघितलं तर मी तोंड घालायच्या आधीची ती शांतता चौदाच सेकंद होती. मला पाच मिनिटं वाटली होती. पुढच्या प्रयोगाला ते वाक्य आम्ही नाटकातच ठेवलं, त्यामुळं आता मी दर वेळी ठरवून बोलणी खातो.

आता फायदे सांगायचे राहिले आणि वेळ तर संपत आली. पटपट सांगतो. आवाज लावायची, श्वास धरायची सवय होते. मुख्य म्हणजे दोस्त होतात, घरातल्या खोलीतनं पोरगं बाहेर येतं. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी स्टेजच्या कडेला काथ्याची चटई टाकायची, पायाला कड कळते. ऐकू न येणाऱ्यांसाठी लाकडी फळीवर पाय आपटायचा, हादरा पोचतो. ऑटिझमवाल्या पोरांना दर रविवारी तोच क्रम लागतो, आणि मोठा आवाज होणार असेल तर आधी सांगायचं. बाहेरनं मिरवणुकीचा डीजे आला तर मात्र आमचा काही इलाज चालत नाही, त्यावर एकदा वेगळं बोलीन. आणि हो, नाटक सुरू झालं म्हणून फिजिओथेरपी बंद करू नका, नाटक हे औषध नाही.

हे काही आम्ही शोधलेलं नाही. लंडनची ग्रेआय नावाची कंपनी 1980 पासून दिव्यांग कलाकारांची नाटकं करते. आपल्याकडं स्वागत थोरातांनी अंध कलाकारांना घेऊन मराठी नाटकं बसवली, आणि 2008 ला स्पर्शज्ञान हे ब्रेलमधलं मराठी पाक्षिक काढलं ते पण त्यांनीच. तुमच्या गल्लीत करायचं असेल तर एक खोली आणि रविवारची सकाळ पुरते. फक्त एकत्र करा. आणि थांबा.

परवा त्या पोराची आई भेटली. दोघं यष्टीनं अक्कलकोटला निघालेले. कंडक्टर आला आणि नेहमीसारखं आईला विचारलं, कुठं? आई म्हणे मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसली. मग यानं सुरू केलं, "अक्कलकोट. एक... महिलांचं हाफ. एक... माझं... सवलतीचं." मागनं कुणीतरी ओरडलं, ओ मास्तर, चला की पुढं. तर कंडक्टर मागं वळून म्हणाला, "थांब बे, बोलायलाय ना तो."

तिकिटं मिळाली. सुट्टे नाहीत म्हणून तीन रुपये तेवढे राहिले, ते मात्र यानं उतरताना मागून घेतले.